ताडोबाची जिप्सी आणि नवी जिम्नी

मोहर्लीच्या गेटवर पहाटे रांग लागते ती मुख्यतः जिप्सींची. मारुतीने ही गाडी 1985 मध्ये आणली आणि 2019 मध्ये सामान्य ग्राहकांसाठी बंद केली. 2023 मध्ये आलेली पाच दारांची जिम्नी तिच्याच घराण्यातली. नवीत दम किती जास्त, हे सगळेच विचारतात, म्हणून आधी तो हिशेब.

शेवटच्या जिप्सीचं इंजिन 1.3 लिटरचं, 80 हॉर्सपॉवरचं. जिम्नीचं 1.5 लिटरचं, सुमारे 103 चं. पण जिप्सीचं वजन 985 किलो आणि जिम्नीचं 1200 च्या आसपास. वजनाने भागलं की टनामागे जिप्सीला 81 हॉर्सपॉवर येतात, जिम्नीला 86. एवढ्यासाठी कोणी गाडी बदलू नये.

खरा फरक चाकांपाशी आहे. जिप्सीला चारही बाजूंनी पाटे. सहा पर्यटक, गाइड आणि चालक एवढं ओझं ते निमूट पेलतात, पण रिकाम्या गाडीत प्रत्येक दगड पाठीच्या मणक्यांना कळतो. जिम्नीला कॉइल स्प्रिंग. खड्डा आला की चाक त्यात सहज उतरतं आणि जमीन सोडत नाही.

आता नाल्याची वाळू घ्या. फोर बाय फोरचा दांडा दोन्हींत हातानेच ओढायचा. 'लो' टाकला की चाकं सावकाश फिरतात आणि रेटा वाढतो. इथवर दोघी सारख्याच. मात्र एक चाक अधांतरी झालं, की जिप्सीचं ते मोकळं चाक नुसतं गरगरतं आणि त्याच्या जोडीच्या, जमिनीवरच्या चाकाला जोर मिळत नाही. जिम्नी फिरणाऱ्या चाकालाच ब्रेक लावते, म्हणून जोर दुसरीकडे वळतो. माझ्या मते नव्या गाडीची सगळ्यात मोठी कमाई हीच.

डांबरी रस्ता लागला की मात्र दोन्हींत दांडा टू-व्हीलवर आणायलाच हवा. फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा धुरा एकत्र बांधले जातात. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं. वाळूत टायर घसरून ते निभावतं, डांबरावर सगळा ताण गिअरवर येतो.

जिम्नी चौघांची, पक्क्या छपराची. सहा एअरबॅग आणि एबीएस असल्याने आलापल्ली-भामरागडच्या रोजच्या प्रवासाला मी तीच घेईन. सफारीसाठी मात्र उघडी जिप्सीच. जुनी घेणार असाल तर इंजिनाचा आवाज नंतर ऐका. आधी गाडीखाली आडवे व्हा आणि चेसिसला गंज कुठे धरलाय ते टॉर्च लावून बघा.