सत्त्वावजय आणि प्राणिसहवास

मनोविकारांच्या चिकित्सेत प्राण्यांचे साहाय्य घेण्याची पद्धती पाश्चात्त्य देशांत आता चांगलीच रुळली आहे. हा विषय निघाला की, हे तर आपल्या संहितांत आधीच सांगितले आहे, असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. आम्हांस ते जसेच्या तसे मान्य नाही. चरकसंहितेतील उन्मादचिकित्सेत प्राणी आहेत खरे. पण ते दात काढलेले सर्प, शिकविलेले सिंह व हत्ती, आणि तेही रुग्णास भय दाखविण्यासाठी! आजच्या पद्धतीचा हेतू याच्या नेमका उलट आहे.

तिच्याशी नाते सांगणारा विचार त्याच अध्यायात थोडा पुढे सापडतो. इष्ट वस्तूच्या नाशाने ज्याचे मन आघात पावले आहे, त्यास तत्सदृश वस्तू मिळवून देऊन सांत्वन व आश्वासन यांनी शांत करावे, असे आचार्य सांगतात. जोडीदार निवर्तल्यावर, मुले परदेशी गेल्यावर एकाकी झालेला वृद्ध रुग्ण आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. तो निद्रानाश सांगतो, अरुची सांगतो. एकटेपणा मात्र सांगत नाही. कुत्रा हा दिवंगत पत्नीचा पर्याय होय, असे कोणीही म्हणणार नाही. तथापि कोणीतरी आपली वाट पाहते आहे, ही भावना 'तत्सदृश' या शब्दात बसावी, असे आमचे मत आहे.

आधुनिक काळात या पद्धतीस शास्त्रीय चर्चेत आणण्याचे श्रेय न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ डॉ. बोरिस लेव्हिन्सन यांना दिले जाते. संवाद टाळणारी मुले आपल्या 'जिंगल्स' नामक कुत्र्याच्या उपस्थितीत मोकळी होतात, हे त्यांनी पाहिले व १९६२ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. पुढे २००२ साली अमेरिकेतील वृद्धनिवासांत ४५ जणांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा आठवडे, प्रतिवेळी अर्धा तास कुत्र्याचा सहवास लाभलेल्यांचा एकाकीपणा घटल्याचे आढळले. संख्या लहान आहे, हे विसरू नये. मात्र त्याच संशोधकांना २००५ साली असेही दिसले की, चारचौघांसह कुत्र्यास भेटणाऱ्यांपेक्षा एकट्याने भेटणाऱ्यांस अधिक लाभ झाला. म्हणजे गुण केवळ माणसांच्या गप्पागोष्टींचा नव्हता.

वैद्यबंधुभगिनींनी एवढ्यावरून 'कुत्रा पाळा' असे व्यवस्थापत्र लिहू नये. प्राणी पाळणे वेगळे व चिकित्सा वेगळी. चिकित्सेत प्राणी शांत स्वभावाचा, प्रशिक्षित व लसीकरण झालेला असतो. त्यास सांभाळणारा जाणकार सोबत असतो, उद्दिष्ट ठरलेले असते आणि नोंद ठेवली जाते. तमकश्वासाचा रुग्ण, केसांची अ‍ॅलर्जी असणारा, प्राण्यांस भिणारा, हे सारे यास अपात्र. प्राणीही थकतो, त्यास विश्रांती हवीच.

सुश्रुतांनी कल्पस्थानात वर्णिलेले अलर्कविष आजही जवळजवळ निश्चित प्राणघातक आहे. चावा वा ओरखडा होताच जखम साबणपाण्याने पंधरा मिनिटे धुवावी व तत्काळ लसीकरणासाठी पाठवावे. येथे घरगुती उपायांत एक तासही दवडू नये.

आणखी एक गोष्ट रुग्णाच्या नातलगांशी आधीच बोलून ठेवावी. कुत्र्याचे आयुष्य साधारण दहा ते तेरा वर्षांचे. सत्तरीतल्या रुग्णाने पिल्लू आणले, तर दोघांपैकी मागे कोण राहील, आणि राहिलेल्याची काळजी कोण घेईल?