उरलेला भात आणि फोडणी

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही आपली जुनी म्हण भात शिजला की नाही हे ठरविण्यापुरती यथार्थ आहे. परंतु रात्रीचा उरलेला भात सकाळी खाण्यास निर्धोक आहे किंवा कसे, ह्या प्रश्नाचे उत्तर शीत देत नाही. वास नाही, बुरशी नाही, चवीत फरक नाही, आणि तरीही तो भात अपायकारक झालेला असू शकतो.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांच्या पट्ट्यात ह्या गोष्टीकडे विशेष लक्ष देणे अवश्य आहे. एकाच घरातील एक भाऊ पहिल्या पाळीस जातो, दुसरा दुसऱ्या पाळीवरून मध्यरात्रीच्या सुमारास परततो, आणि मुलांचे डबे पहाटेच भरावे लागतात. भात मात्र सर्वांचा एकदाच, मोठ्या पातेल्यात शिजतो आणि उशिरा येणाऱ्याकरिता ओट्यावर झाकून ठेविला जातो. त्यातून इकडे आवडीने खाल्ला जाणारा तांदूळ म्हणजे इंद्रायणी. आंबेमोहोर १५७ आणि आय. आर. ८ ह्यांच्या संकरातून वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात सिद्ध झालेले हे वाण १९८७ मध्ये प्रसारित झाले. त्याचा भात मऊ व चिकट होतो. असा भात खोल पातेल्यात दडपून बसला, की वरचा थर निवला तरी पोटातील भाग कित्येक तास कोमट राहतो.

हा कोमटपणाच अनर्थाचे मूळ होय. बॅसिलस सेरियस नावाचा जंतू मातीत राहतो व तेथून तांदळाबरोबर घरात येतो. तो स्वतः उष्णतेने मरतो, परंतु त्याची बीजाणुरूप अवस्था उकळत्या पाण्यातही टिकून राहते. भात ६० अंशांच्या खाली उतरला, की हे बीजाणू जागे होतात, वाढतात आणि भातात विष उत्पन्न करितात. त्या विषाने अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत मळमळ व वांत्या सुरू होतात. बहुधा एका दिवसात आराम पडतो. तथापि लहान मुले व वृद्ध ह्यांच्या अंगातील पाणी झपाट्याने कमी होते, आणि क्वचित यकृतासही गंभीर इजा पोहोचते.

“पण आम्ही तो भात फोडणीला टाकतो,” असे पुष्कळ घरी ऐकू येते. हे विष १२१ अंशांच्या उष्णतेत दीड तास ठेविले तरी नष्ट होत नाही. मग फोडणीच्या चार मिनिटांची कथा काय! इंग्लंडात १९७१ मध्ये चिनी उपाहारगृहांतील परतलेल्या भाताने लोक आजारी पडले, तेव्हा हेच कारण उघडकीस आले. तेथे भात आदल्या दिवशी भरपूर शिजवून रात्रभर बाहेर ठेवीत आणि मागणी येताच परतून वाढीत. आपला फोडणीचा भात ह्याहून निराळा तो काय?

ह्याच पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन होऊन देशात पेनिसिलिन तयार होऊ लागले. जंतुनाशक औषधांचे माहात्म्य येथील लोकांस कोणी सांगावयास नको. परंतु भातात आधीच तयार झालेल्या विषावर अशा औषधांचा उपयोग होत नाही. येथे उपाय एकच, आणि तो स्वयंपाकघरातच आहे.

गीतेच्या सतराव्या अध्यायात ‘यातयाम’ अन्नाची गणना तामस आहारात केली आहे. भाष्यकारांनी त्या पदाचे अर्थ भिन्न केले असले, तरी याम म्हणजे प्रहर, अर्थात तीन तास. आजचे शास्त्र ह्याहूनही कडक आहे. उरलेला भात शक्य तो एका तासात, फार तर दोन तासांत, शीतकपाटात गेला पाहिजे. त्यासाठी तो पातेल्यातून काढून परातीत पातळ पसरावा, वाफ जाताच उथळ डब्यांत भरून पाच अंशांच्या खाली ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. खाताना लागेल तेवढाच काढून, सर्वत्र वाफ येईपर्यंत, एकदाच गरम करावा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात मात्र मोह न धरिता टाकून द्यावा. वांत्या झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजावे; वांत्या न थांबल्यास, मूल सुस्त झाल्यास किंवा लघवी कमी झाल्यास वैद्याकडे जाण्यास विलंब करू नये.

कोरड्या तांदळाविषयी दोनच शब्द. तो नीट वाळलेला असावा आणि घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात राहावा. किडीसाठी बोरिक पावडर चोळणे किंवा पाऱ्याच्या गोळ्या घालणे, ह्या दोन्ही चाली सोडून द्याव्यात, कारण ही द्रव्ये विषारी आहेत. कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि थोडाथोडा तांदूळ आणण्याची सवय बरी.

अन्न टाकणे आपल्या जिवावर येते, आणि तसे यावयासही हवे. पण ती काटकसर पातेले उतरविताना नव्हे, तांदूळ मोजून घेताना करावयाची असते. मध्यरात्री परतणाऱ्याकरिता वाटीभर तांदूळ वेगळा ठेवावा. लहान कुकरात त्याचा ऊन भात अर्ध्या तासात होतो. तो त्याने स्वतः लाविला, तर घरातील स्त्रियांची झोपही मोडत नाही.