डांबराला शिव्या, खडीला माफी

रस्ता उखडला की ‘डांबर कमी घातलं’ हा शेरा ठरलेला. कधी तो खराही असतो. पण वरच्या थरात वजनाने डांबर असतं साधारण पाच-सहा टक्के. बाकी सगळी खडी, कच आणि भुकटी. शिवाय डांबर जास्त झालं तर उन्हाळ्यात ते वर येतं, दगड त्यात बुडतात आणि रस्ता आणखी घसरडा होतो.

‘दगड कठीण, म्हणजे पकड चांगली’ हा समज तर फार चिवट. न फुटणं, न झिजणं आणि न गुळगुळीत होणं हे तीन वेगळे गुण आहेत. चुनखडीचा दगड बऱ्यापैकी मजबूत असला तरी टायरखाली लवकर चकचकीत होतो. उलट वालुकाश्माचे कण झिजताना सुटून पडतात आणि खालून ताजा खरखरीत पृष्ठभाग उघडा होतो. म्हणून या गुणाची चाचणी वेगळी. खडीचे तुकडे एका चाकावर बसवायचे, पाणी आणि कुरुंदाची पूड सोडत त्यावर रबरी टायर सहा तास फिरवायचा. तीन तास जाड पूड, तीन तास बारीक. मग लंबकाने घर्षण मोजायचं. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या मानकांत बिटुमिनस काँक्रीटच्या खडीसाठी हा आकडा किमान ५५ लागतो. वळणावर आणि सिग्नलपाशी, जिथे ब्रेक दाबले जातात, तिथे दगड सर्वांत आधी घासून गुळगुळीत होतो. वेगात, भर पावसात मात्र दगडाच्या खरखरीतपणासोबत दोन खड्यांमधल्या खाचाही लागतात, कारण टायरखालचं पाणी तिथूनच निसटतं.

‘आपल्याकडे काळा दगड आहे, काळजी कशाला?’ बेसॉल्टला डांबर ग्रॅनाइट किंवा गारेपेक्षा चांगलं धरतं, हे खरं. पण सगळाच काळा दगड सारखा नसतो. घट्ट ताजा थर वेगळा, सच्छिद्र किंवा कुजत आलेला मांजऱ्या वेगळा. तो पाणी पितो, म्हणून शोषणाची मर्यादा २ टक्के. कोकणातला जांभा घराच्या भिंतीला उत्तम. वाहतुकीच्या वरच्या थराला मात्र तो मऊ आणि सच्छिद्र पडतो.

चांगल्या खाणीतला दगडही क्रशरवर बिघडू शकतो. चपटी, लांबुडकी खडी रोलरखालीच फुटते आणि फुटलेल्या कडेवर डांबर नसतं. धुळीने माखलेल्या खडीवर डांबर धुळीलाच चिकटतं. हे ओळखायची साधी चाचणी आहे: डांबर लावलेली खडी ४० अंश सेल्सिअसच्या पाण्यात २४ तास ठेवायची आणि किती दगड उघडे पडले ते डोळ्यांनी पाहायचं. आच्छादन किमान ९५ टक्के टिकलं पाहिजे. टिकत नसेल तर मिश्रणात विरलेला चुना किंवा चिकटपणा वाढवणारं रसायन घालतात. नुसतं डांबर वाढवून हे काम होत नाही.

आणि नवा काळाकुळकुळीत रस्ता? त्यावर पकड उत्तम, असं दुचाकीवाल्यांनी गृहीत धरू नये. सुरुवातीचे काही आठवडे, कधी महिनेही, खडीवर डांबराचा पापुद्रा असतो. वाहतुकीने तो घासला गेल्यावरच टायरला दगड लागतो.