मण्याचं भोक वाचायला शिका

मागच्या महिन्यात एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीने विचारलं, "सर, जुना दगडी मणी कसा घडवला हे कळतं कशावरून?" मी म्हटलं, भोकावरून. बाहेरचे घाव घासून-पॉलिश करून पुसले जातात, भोकाच्या आत मात्र बरंच काही शिल्लक राहतं.

आधी दगड. नाशिकच्या आसपासचा सगळा बेसॉल्ट. लाव्हारसातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे सिलिका साचली आणि अकीक, कॅल्सेडनी तयार झाले. खडक झिजला की ते सुटून गोदावरीच्या गोट्यांत येतात. नेवासे, इनामगाव इथल्या ताम्रपाषाणयुगीन थरांत अशा दगडांचे मणी सापडलेत.

पण अकिकाची कठिणता जवळपास 7. साधा खिळा त्याहून मऊ. मी नदीतल्या गोट्यावर घासून पाहिला, तर चरा पडलाच नाही, उलट दगडावर लोखंडाची करडी रेघ उमटली! मग भोक पाडायचं कशानं?

याचं उत्तर शोधायला अभ्यासक खंभातला जातात. तिथल्या कारागिरांवरचा केनॉयर, विदाले आणि भान यांचा लेख 1991 साली आला, तो नक्की वाचा. तिथे दगड आधी मडक्यात भाजतात. त्यातलं लोह लाल होतं आणि दगड फोडायला सोपा जातो. मग जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड धरून शिंगाच्या हातोडीने टवके काढतात. भोक पाडायला टोकाला हिऱ्याच्या कणी बसवलेलं, धनुष्याच्या दोरीने फिरणारं गिरमिट.

भोकात सिलिकॉन भरून साचा काढला आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की हिऱ्याच्या टोकाचे एकसारखे गोल चरे दिसतात. दगडी टोकाचं भोक निमुळतं होत जातं. दोन्ही बाजूंनी पाडलेलं असेल तर मधल्या जोडावर बहुतेकदा किंचित पायरी सापडते. म्हणून संग्रहात गेलात तर सुबक मण्यांच्या आधी अर्धवट, तुटलेले मागा. मी पहिले काही दिवस सुबक मण्यांचेच फोटो काढत बसलो होतो, त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य.

आणखी एक. प्रयोग म्हणून स्वतः दगड घासणार असाल, तर कोरडा घासू नका. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात साचते आणि सिलिकोसिस होतो. खंभातचे कितीतरी घासणारे कारागीर या आजाराने गेलेत. दगडावर सतत पाणी ठेवा, धूळ रोखणारा चांगला मास्क लावा, आणि ओला गाळ सुकायच्या आत पुसून घ्या.