बेल वाजली की मांजर दाराशी?

आमची माऊ पाचव्या मजल्यावर राहते. बेल वाजली की दाराशी सगळ्यात आधी तीच! ओरडून काही होत नाही. म्हणून बेल वाजली की मी दारापासून लांब, खिडकीजवळच्या स्टुलावर खाऊ ठेवतो. रोज केलं की 'बेल म्हणजे स्टूल' हे डोक्यात बसतं. तोवर सेफ्टी डोअरच्या जाळीतूनच बोलायचं. माऊ स्टुलावर दिसली की मग पार्सल घ्यायचं.

नसबंदी करून घ्याच. मादी चार-सहा महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते, मग बाहेर जायला धडपडते.

आणि बाल्कनीला जाळी. 'मांजर पायांवरच पडतं, काही होत नाही' हे विसरा. १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास छापला. उपचार मिळालेली ९० टक्के वाचली, पण छातीला मार अनेकींना होता.

तरीही निसटलीच, तर आधी जिना आणि पार्किंगमधल्या गाड्यांखाली बघा. घाबरलेलं मांजर बहुतेक वेळा जवळच, गप्प लपून बसतं.