बाळोती आणि जुने लुगडे

बाळोती जुन्या धोतर-लुगड्यांची करतात, ती केवळ काटकसर नव्हे. कोऱ्या सुती कापडात खळ आणि कापसाचे नैसर्गिक मेण असते. ते पाणी चटकन आत शिरू देत नाही. वर्षानुवर्षे धुतलेले लुगडे लगेच शोषते. मात्र ओल अंगाला लागतेच. शी-शू एकत्र राहिली की अमोनिया वाढून कातडी लाल होते. म्हणून भिजले की बदलायचे, तान्ह्याचे दिवसाकाठी दहा-पंधरा वेळा. खानदेशात, कोरीट काय की नंदुरबार काय, वैशाखात ऊन मुबलक, पाणी जपून, आषाढात उलटे. कापडी लंगोटांचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी सांगावे, धुणार कोण? बाळंतीण सव्वा महिना विसाव्याला, म्हणजे बहुधा आजीच. आणि पावसाळ्यात दमट राहिलेली बाळोती चुलीच्या उबेला धरून सुकवायचीही तिनेच.