बुद्धी शाबूत, सांधे कुरकुरले

दहा-बारा वर्षे वापरलेला डेस्कटॉप एके दिवशी सुरू होत नाही. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण डिस्प्ले येत नाही. ‘द्या भंगारात,’ असे घरात कोणीतरी म्हणतेच. प्रत्यक्षात प्रोसेसर क्वचितच गेलेला असतो. सिलिकॉनच्या चिपमध्ये हलणारे किंवा सुकणारे काही नसते, त्यामुळे फार तापू दिली नाही तर ती वर्षानुवर्षे टिकते. म्हाताऱ्या संगणकाची बुद्धी शाबूत असते. कुरकुरतात ते सांधे. धातूला धातू टेकतो तिथे, रसायन असते तिथे आणि धूळ साचते तिथे. घरी करता येण्याजोगी बहुतेक दुरुस्ती या तीन ठिकाणीच असते.

हात घालण्यापूर्वी प्लग काढा आणि पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे मदरबोर्डवर उरलेला विद्युतभार निघून जाईल. मग कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. अंगावरच्या स्थिर विजेचा चटका आपल्याला जाणवतो तो साधारण तीन हजार व्होल्टला. चिपला मात्र काहीशे व्होल्टही घातक ठरू शकतात. मशीनला वीज पुरवणारा एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. घरातल्या २३० व्होल्ट पुरवठ्यापासून त्यात सुमारे ३२५ व्होल्टचा दाब तयार होतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकून राहू शकतो.

सगळ्यात सोपा बिघाड घड्याळाचा. मशीन चालू केल्यावर तारीख थेट काही वर्षे मागे गेलेली दिसते. पाठोपाठ ब्राउझर कुरकुर करू लागतो, कारण संकेतस्थळांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांवर वैधतेच्या तारखा असतात आणि मागे पडलेल्या घड्याळाला ती प्रमाणपत्रे अजून लागू न झालेली वाटतात. दोष इंटरनेटचा नसतो, मदरबोर्डवरच्या ‘सीआर२०३२’ या ३ व्होल्टच्या लिथियम सेलचा असतो. नावातच त्याचे माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. संगणक बंद असताना हा सेल क्वार्ट्‌झच्या छोट्या स्फटिकाचे घड्याळ चालू ठेवतो. तो स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर १ उरतो, म्हणजे एक सेकंद. मशीन विजेला जोडलेले असते तेव्हा सेलवर फारसा भार येत नाही. म्हणूनच प्लग काढून ठेवलेल्या संगणकाचा सेल लवकर उतरतो. जुन्या मशीनमध्ये सेल काढताच बायोसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची, सेटिंग्ज पुसली जातात, म्हणून आधी त्यांचे मोबाइलवर फोटो काढून घ्या. नवा सेल बसवताना अधिक चिन्हाची बाजू वर ठेवा.

डिस्प्ले नाही आणि बीप मात्र वाजते आहे, तर कान द्या. चालू होताच संगणक आधी स्वतःची तपासणी करतो. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून ही पद्धत आहे. पडदा सुरू होण्याआधीच दोष सापडला तर तो सांगायला फक्त आवाज उरतो. बीपचा क्रम बायोसनुसार बदलतो, त्यामुळे मदरबोर्डचे माहितीपत्रक पाहावे. अनेकदा दोष रॅमच्या संपर्काचा निघतो. रॅमच्या कडेच्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा असतो, कारण सोने गंजत नाही. पण त्यावर धूळ आणि तेलकट थर बसतोच, आणि कोकणासारख्या खाऱ्या, दमट हवेत स्लॉटमधले सांधेही खराब होतात. रॅम काढून पुन्हा नीट बसवली तरी घर्षणाने संपर्क साफ होतो. खोडरबराने खसाखसा घासू नये, कारण हा मुलामा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेला कपडा हळुवार फिरवावा आणि पट्ट्या पूर्ण सुकू द्याव्यात.

मशीन मध्येच रीस्टार्ट होत असेल, तर टॉर्च घेऊन प्रोसेसरभोवतीच्या नळकांडी कपॅसिटरांकडे पाहा. त्यांच्या आत अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आणि द्रावणात भिजवलेला कागद असतो. द्रावण बिघडले की वायू तयार होतो आणि सपाट माथा फुगतो. तिथेच फाटून दाब सुटावा म्हणून माथ्यावर मुद्दाम खाच ठेवलेली असते. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष द्रावणाचे कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांत गेले आणि असंख्य बोर्ड अकाली निकामी झाले. उष्णता या भागाची वैरीण: तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. म्हणून हीटसिंकमधली धूळ काढणे ही नुसती टापटीप नव्हे, ते मदरबोर्डचे आयुष्य वाढवणे आहे. ब्रश फिरवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा.

या सगळ्यात एक शिस्त हवी: एका वेळी एकच बदल. रॅम, केबल आणि सेल एकदमच बदलले आणि मशीन सुरू झाले, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही. प्रत्येक बदलानंतर काय झाले ते कागदावर लिहा. फुगलेला कपॅसिटर बदलायला सोल्डरिंगचा सराव लागतो. तिथे थांबून कारागिराकडे जावे. तेव्हा ‘चालत नाही’ एवढेच न सांगता ‘रॅम बदलून पाहिली, सेल नवा आहे, दोन कपॅसिटर फुगलेत’ असे सांगता आले, तर निम्मे निदान घरीच झालेले असते.